आचारसंहितेतलं वरण

हॉलिवूडवाल्यांना लिहिता येत नाही, हे हनुमंत पाचारणे सरांचं मत शेवगाव रस्त्यावरच्या शिक्षक कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. हॉलिवूडला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

सर इंग्रजीचे शिक्षक. दिवसभर हायस्कुलातल्या पोरांकडून क्रियापदाला 'एस' लावून घ्यायचा आणि रात्री जेवण झालं की टीव्हीसमोर बसून एखादा इंग्रजी सिनेमा पाहायचा, तोही मुद्दाम हिंदीत डब केलेला, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. इंग्रजीचे मास्तर असून मूळ इंग्रजीत का बघत नाही, असं शेजारच्या सहादेवरावांनी एकदा विचारलं होतं. "भाषेची भूल पडत नाही," सर म्हणाले, "नुसती पटकथा उघडी पडते." अमेरिकन माणसं बोलायला लागली की सरांना चारातले दोन शब्द कळत, हेही एक कारण होतं, पण त्याची कॉलनीत कुठे नोंद नाही.

सिनेमात काय चुकलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलनीच्या कट्ट्यावर सांगितलं जाई. सहादेवराव हे कायमचे श्रोते. एसटीत ड्रायव्हर होते, अकोले मुक्कामाची गाडी घाटातून नेण्यात त्यांची उमर गेली होती. सिनेमातली मोटार पुलावरून उडी मारून पळत सुटते, याबद्दल त्यांचा स्वतःचा आक्षेप होता. "खालचे स्प्रिंगचे पाटे तुटत्यात हो सर. जागेवर बसती गाडी." सर ही तांत्रिक दुरुस्ती उदारपणे स्वीकारत आणि मूळ मुद्द्याकडे वळत.

"खलनायकाच्या हातात बंदूक. समोर हिरो खुर्चीला बांधलेला. घाल की गोळी! पण नाही, हा त्याला स्वतःचं बालपण सांगत बसतो. आणि हिरोचं सगळं संपत आलं की बाहेर पोलिसांच्या गाड्या. कोणी बोलावल्या? कुठून आल्या? योगायोग म्हणजे आळशी लेखकाचा जावई आहे, सहादेवराव. काम काही करायचं नाही आणि शेवटी येऊन मान घेऊन जायचं."

सहादेवरावांना दोन जावई होते. त्यांनी विषय पुन्हा पाट्यांवर आणला.

अशात नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि सरांच्या टीकेला घरपोच माल मिळू लागला. गावात दर दिवसाआड एक भानगड बाहेर येत होती. एका उमेदवाराची ध्वनिफीत फिरली. तो आवाज आपला नाही हे सांगायला त्याने त्याच आवाजात पत्रकार परिषद घेतली. दुसऱ्याची मतं खायला त्याच्याच नावाचा, त्याच्याच वडिलांच्या नावाचा एक इसम शोधून उभा करण्यात आला. तिसऱ्याने सकाळी एका पक्षाचं उपरणं घातलं आणि दुपारी दुसऱ्याचं. लोक संतापले, हसले, काहींनी गंमत वाटून घ्यायला म्हणून व्हिडिओ पुढे पाठवले. सरांची तक्रार निराळी होती.

"जुळ्या नावाचा प्रकार! हा तर हॉलिवूडनेसुद्धा सोडून दिलाय. आणि तो उपरणंवाला. पात्र बदलतं हे मान्य. पण मधे काही घडायला नको का? काही प्रसंग, काही मनाची उलघाल? निदान जेवण तरी?"

"जेवण झालं आसंल," सहादेवराव म्हणाले. "त्याशिवाय दुपारचं उपरणं मिळत न्हाई."

"भ्रष्टाचाराबद्दल मी बोलतच नाही. लिखाण कच्चं आहे, एवढंच म्हणतोय. भानगड करावी तर तिला आदि, मध्य, अंत असावा."

हे बोलणं खिडकीतून सत्यशीलाबाईंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, कानावर गेलं. त्या मेथी निवडत होत्या. "अहो," त्या आतूनच म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. एकदा लिहून दाखवा की मग. आदि, मध्य, अंत."

सहादेवरावांनी आभाळाकडे पाहिलं. सर उठले, "बघू," म्हणाले आणि आत गेले. वर्मी बाण लागलेला माणूस चालतो तसे ते चालत होते. कारण खरं ते होतंच. सरांच्या कपाटात पाच पटकथांच्या सुरुवाती होत्या. शेवट एकीचाही नव्हता.

म्हणूनच त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी मतदार जागृतीचं पत्र वाचून दाखवलं आणि "आठवडी बाजारात पथनाट्य करायचंय, कोण लिहिणार?" असं विचारलं, तेव्हा सरांचा हात वर गेला. बाकीच्या शिक्षकांनी इतक्या मोकळ्या मनाने टाळ्या वाजवल्या की सरांना आपण काहीतरी चुकीचं केलं असावं अशी शंका आली. पण हात वर गेला होता. सत्यशीलाबाईंनाही कळलं होतं. आता अंतासकट लिहून, उभं करून दाखवायचं, नाहीतर कट्ट्यावर तोंड उघडायचं नाही, असा सरळ हिशेब होता.

सरांनी लिहिलं. आणि मान्य करायला हवं, चांगलं लिहिलं.

गोष्ट अशी होती. एका गल्लीत मतदानाच्या आदल्या दिवशी अंधार पडल्यावर उमेदवाराचा माणूस घरोघर एक नवा कोरा प्रेशर कुकर देऊन जातो. प्रत्येक घरी तो कानात सांगतो, "हा फक्त तुम्हालाच बरं का, शेजारी बोलू नका." प्रत्येक घर कुकर लपवतं आणि शेजाऱ्यांची कीव करतं. मग रात्री न राहवून प्रत्येक घर त्यात वरणाला डाळ लावतं. आणि पहिल्या घरातून शिट्टी होते. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. सगळ्या गल्लीचं बिंग एका सुरात बाहेर पडतं.

सरांनी हे प्रथम घरी वाचून दाखवलं. सत्यशीलाबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं, हेही पहिल्यांदाच घडत होतं. शिट्ट्यांच्या जागी त्या मोठ्याने हसल्या. सरांना कानशिलं तापल्यासारखी वाटली.

"आणि पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे भरारी पथकाची जीप गल्लीवरून जात असते. शिट्ट्या ऐकून थांबते. सगळे पकडले जातात. समाप्त."

"जीप कोणी बोलावली?"

"गस्त असते त्यांची."

"बरोबर त्याच वेळी?"

सरांनी कागद चष्म्याजवळ नेला. "निवडणुकीत असतात गस्ती," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. जावई घरात शिरला होता आणि दार सरांनीच उघडलं होतं. त्यांनी शेवटावर पेन्सिलीने एक बारीक फुली मारली आणि तालमी सुरू होईपर्यंत दुसरं काही सुचेल अशी आशा धरली.

तालमी सरांच्या अंगणात झाल्या. सूत्रधार स्वतः सर. गृहिणी सत्यशीलाबाई. शेजारीण म्हणून समोरच्या सुरेखाताई, ज्या शिवणक्लास चालवत आणि ज्यांना भूमिकेत एकदा तरी रडायला मिळावं अशी इच्छा होती. उमेदवाराचा माणूस म्हणून सहादेवराव. बाकी कॉलनी सल्लागार मंडळात होती. मंडळाची बैठक रोज भिंतीपलीकडे उभ्या उभ्या चाले. कोणी म्हणालं, मधे एक देशभक्तीपर गाणं टाका. कोणी म्हणालं, एक मुलगा सैन्यात दाखवा, लोक हलत नाहीत. सहादेवरावांचा आग्रह असा की उमेदवाराचा माणूस कुकर घेऊन एसटीने आला पाहिजे.

"एसटीचा इथे काय संबंध?"

"लोकांना आवडती एसटी."

"सर, मी रडू कुठे?" सुरेखाताई विचारत.

"तुम्हाला कुकर मिळालाय, ताई. रडायचं कशाला?"

"आनंदाने."

सरांनी संयम राखला. मोठ्या लेखकांना निर्मात्यांचा जाच असतो हे त्यांना माहीत होतं, आणि आपल्यालाही आता तो होतो आहे, यात थोडं समाधानही होतं.

खरा जाच हर्षलच्या रूपाने आला. हर्षल हा मतदार जागृती कक्षातला तरुण कर्मचारी. नम्र, इस्त्रीच्या शर्टातला, प्रत्येक वाक्याआधी 'सर' लावणारा. संहिता तपासून तो म्हणाला, "सर, फार सुंदर आहे. फक्त कुकर काढावा लागेल."

"का?"

"सर, सहा नंबरच्या वॉर्डात एका अपक्षाचं चिन्ह प्रेशर कुकर आहे. आपल्या नाटकात कुकर दिसला तर त्याचा प्रचार होईल."

"अरे, पण कुकर वाईट दाखवलाय!"

"मग अपप्रचार होईल, सर."

सर विचारात पडले. नाटकातून कुकर काढायचा म्हणजे वरणातून डाळ काढण्यासारखं होतं. पण लेखक चिवट असावा लागतो. त्यांनी एका रात्रीत कुकरची छत्री केली. सगळ्यांना छत्र्या वाटल्या जातात आणि पाऊस येतो. हर्षलने मान हलवली. छत्री दोन नंबरला होती. कपबशी? ती चारला. नारळ, पंखा, शिलाई मशीन, कपाट, गॅस सिलिंडर, गावातली एकेक वस्तू कोणा ना कोणा अपक्षाने घेऊन ठेवली होती. माणसाच्या संसारात जे जे म्हणून लागतं, ते सगळं त्या साली निवडणुकीला उभं होतं.

"अंगठी?"

"एक नंबर, सर."

"पाटी? साधी पाटी? शाळेतली?"

"पाटी सातला आहे. आणि सर…" हर्षल अडखळला. "तुम्ही सूत्रधार आहात ना? राग मानू नका. चष्मा."

"चष्म्याचं काय?"

"पाच नंबर."

सरांनी नकळत चष्मा काढून हातात घेतला. हर्षल अंधुक झाला. "चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस दिसत नाही," ते म्हणाले.

"तेच म्हणतोय, सर. सूत्रधार दुसरा कोणी बघा."

अशा रीतीने लेखक आपल्या नाटकातून बाहेर पडला. सूत्रधारपद सहादेवरावांकडे गेलं. त्यांना चष्मा लागत नसे, दुरून झाडही दिसे आणि झाडावरचा पेरूही. उमेदवाराचा माणूस सुरेखाताईंनी पदर खोचून करायचा असं ठरलं. रडण्याचा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला. उमेदवाराची माणसं रडत नाहीत.

वस्तूंचं काय करायचं, हे मात्र सत्यशीलाबाईंनी सोडवलं. त्या संध्याकाळी सर कपाळाला हात लावून बसले होते, तेव्हा त्या समोर आल्या. रिकाम्या हातांनी त्यांनी कुकरचं झाकण बसवलं, गॅस पेटवला, पदराला हात पुसले आणि ओठ आवळून बारीक, मग वाढत जाणारी शिट्टी काढली. सरांना क्षणभर वरणाचा वास आला.

"यात कुठली वस्तू आहे?" त्या म्हणाल्या. "करू दे जप्त."

सर कुकरवर परतले. हर्षलने ही नवी अडचण वरिष्ठांना कळवली. तोंडाने काढलेला शिट्टीचा आवाज हा शिट्टी या चिन्हात धरावा की कुकर या चिन्हात, की कशातच धरू नये, असा प्रश्न होता. उत्तर आलं नाही. हर्षलने स्वतःच्या अखत्यारीत 'धरू नये' ठरवलं. सरकारी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्याने हे धाडस केलं, याची नोंद इथे घेतली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी करण आला. हा सरांचाच माजी विद्यार्थी. इंग्रजीत दोनदा राहिला आणि आता एका वजनदार उमेदवाराच्या, म्हणजे भाऊंच्या, संपर्क कार्यालयात कामाला होता. तो वाकून पाया पडला. सोबत पेढे होते.

"सर, नाटकात कुकर हायेत म्हणं."

"आहेत. पण दिसत नाहीत."

"भाऊंनी इचारलंय, तुमाला कुनी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"आता सर, आपन घरातली मानसं. कुकर आजून गोडाऊनमधीच हायेत. एकबी बाहेर गेला न्हाई. मंग तुमाला कळलं कसं?"

सरांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. पहिला धक्का त्यांना नागरिक म्हणून नव्हे, लेखक म्हणून बसला. आपण कल्पनेतून, घाम गाळून, कार्यकारणभाव जुळवून रचलेलं कथानक भाऊंनी आधीच गोडाऊनमध्ये भरून ठेवलं होतं. मग नागरिकही जागा झाला. सरांनी पेढे परत केले, करणला चहा दिला, आणि तो जाताच थेट हर्षलला गाठलं.

"लेखी द्या सर, कारवाई होईल," हर्षल उत्साहाने म्हणाला. "पुरावा काय आहे? फोटो?"

"नाटक आहे," सर म्हणाले.

हर्षलचा चेहरा पडला. करण 'मी असं बोललोच नाही' म्हणणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. गोडाऊन कुठलं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. हर्षलने तोंडी तक्रार टिपून घेतली. तेवढंच त्याच्या हातात होतं.

सायंकाळी विरुद्ध पार्टीचा माणूस आला. त्याने सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "सर, काय लिव्हलंय! आसं लेखन न्हाई आपल्या तालुक्यात. फक्त एक करा. त्या उमेदवाराच्या माणसाला जरा लंगडत चालवा." भाऊ लंगडत चालत. सरांनी त्यालाही दाराबाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाचक भेटले होते, आणि दोघांनाही लेखनाशी काही कर्तव्य नव्हतं. रात्री ते सत्यशीलाबाईंना म्हणाले, "आता तर झालंच पाहिजे हे. कुकर बाहेर पडायच्या आत लोकांसमोर आलं पाहिजे."

"शेवट सुचला?"

सरांनी दिवा मालवला.

बाजाराच्या दिवशी बाजारतळाच्या एका कोपऱ्यात, कांद्याच्या ढिगाशेजारी अर्ध्या तासाची परवानगी मिळाली होती. हर्षल घड्याळ घेऊन उभा होता. सर चष्म्यासह ढिगाआड. संहितेप्रमाणे सूत्रधाराचं निवेदन चार ओळींचं होतं. सहादेवराव पुढे आले, त्यांनी गर्दीकडे पाहिलं, गर्दीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना कंठ फुटला.

"राम राम मंडळी. मला वळखलं का? मी सहादेव, अकोल्याची गाडी न्यायचो. घाटात ब्रेक कसा लावायचा ते मतदानासारखंच हाय बगा. आधी न्हाई लावायचा, उशिरा न्हाई लावायचा…"

गर्दी हसली. सहादेवरावांना हे आवडलं. घाट लांबत गेला. भंडारदऱ्याला गाडी बंद पडली तेव्हा काय झालं, तेही आलं. एकदा शेळी गाडीत चढली होती, ती शेळीही आली. ढिगाआडून सर हातवारे करत होते, एक कांदा त्यांनी फेकलाही, पण सहादेवरावांनी तो झेलून खिशात टाकला आणि बेलापूरच्या जत्रेतल्या जादा गाड्यांकडे वळले. गाडी गल्लीत पोचली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळ संपला होता.

मग मात्र नाटक सुरू झालं. सुरेखाताईंनी पदर खोचून, दोन्ही हातांवर न दिसणारं खोकं तोलत, "फक्त तुमालाच हां वहिनी" असं इतक्या खालच्या आवाजात म्हटलं की मागची माणसं पुढे सरकली. गर्दीतल्या एकाने ओरडून विचारलं, "किती लिटरचा हाय?" सुरेखाताईंनी क्षणही न दवडता सांगितलं, "मतं किती हायेत घरात?" संहितेत हे नव्हतं. सरांनी आडोशातून पाहिलं, लोकांच्या खांद्यांवरच्या पिशव्या खाली उतरत होत्या. बाजाराला आलेला माणूस पिशवी खाली ठेवतो, याचा अर्थ ज्याने बाजार पाहिलाय त्याला कळतो.

सत्यशीलाबाईंनी डाळ धुतली, झाकण लावलं, आणि सगळ्यांना ऐकू येईल अशी शांतता झाली. मग त्यांच्या ओठांतून शिट्टी निघाली. पलीकडून, आता शेजारीण झालेल्या सुरेखाताईंनी दुसरी काढली. आणि तिसरी गर्दीतून आली. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली एक बाई तोंडाला पदर लावून शिट्टी काढत होती. "आगं बया, माझ्याबी घरी वाजला की!" ती म्हणाली, आणि मग चहूकडून, भाजीवाल्यांतून, कटलरीच्या गाड्यावरून, खरेदीला आलेल्या पुरुषांतूनसुद्धा शिट्ट्या सुरू झाल्या. बाजारतळावर सगळ्या गावाचं वरण एकदम शिजत होतं.

सर ढिगाआडून बाहेर आले. चष्म्याचं त्यांना भान नव्हतं. आता सगळे एकमेकांकडे बघतील, आणि मग…

"वेळ संपली," हर्षल म्हणाला.

"अहो, शेवट राहिलाय!"

"सर, परवानगी साडेदहापर्यंत होती. दोन मिनिटं जास्तच झालीत. पलीकडे एका पक्षाची सभा लागतेय. मला समजून घ्या."

"पुढं काय हुतं?" गर्दीतून आवाज आला. "ओ साहेब, शेवट दावा की!" मेथीवाली तर उठून उभी राहिली. हर्षलने हात जोडले. तेवढ्यात पलीकडचा भोंगा सुरू झाला आणि कोणाला काही ऐकू येईना. लोक पिशव्या उचलून, आपापसांत तावातावाने बोलत पांगले.

सरांची अवस्था वर्णन करण्यासारखी नव्हती. जन्मात एक काम तडीस न्यायचं ठरवलं होतं आणि ते नेमकं तडीला राहिलं होतं. कपाटात आता सुरुवातींची संख्या सहा झाली. सहादेवराव मान खाली घालून खिशातला कांदा परत करायला आले. सरांनी तो घेतला नाही.

हर्षल सगळं आवरून जवळ आला. इकडेतिकडे बघून त्याने हळूच विचारलं, "सर, ऑफिसचं म्हणून नाही विचारत. शेवटी काय होतं?"

संहितेत जीप होती. सरांना तिच्यावरची पेन्सिलीची फुली आठवली. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मला शेवट सापडलेला नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारलं होतं. सत्यशीलाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सरांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "चला. मेथी घ्यायचीय."

मतदानाच्या आदल्या दिवशी सर दाढी करायला कानिफनाथच्या दुकानात गेले. नाटक झाल्यापासून कट्ट्यावर ते गेलेच नव्हते. हॉलिवूडवर चकार शब्द काढला नव्हता. रात्री टीव्हीवर एक बॉम्ब शेवटच्या सेकंदाला निकामी झाला तेव्हा त्यांनी नुसतं चॅनेल बदललं होतं. सत्यशीलाबाईंना याची काळजी वाटू लागली होती.

कानिफनाथने सरांचा चष्मा काढून फळीवर ठेवला आणि तोंडभर फेस लावला. मग वस्तऱ्याला नवं पान घालत त्याने बोलायला घेतलं.

"सर, त्या बाजारातल्या नाटकाचं ऐकलं का? मी बी न्हवतो, दुकान हुतं. माझ्या मेव्हनीनं सांगितलं, ती मेथी इकती. लई भारी नाटक, सर. घरोघर कुकर वाटत्यात, आन येकदम शिट्ट्या."

सरांनी बोलण्याचा प्रयत्न केला. फेस तोंडात गेला.

"हलू नका. तर शिट्ट्या हुत्यात. समद्या बाया दारात. येकमेकींकडं बगत्यात. आता काय करावं? तर त्यातली येक म्हनती, चला. आन समद्या कुकर उचलत्यात, गरम, तसाच, झाकनासकट. वाटंनं चालल्या, शिट्ट्या हुत्यातच. जाऊन उमेदवाराच्या वट्यावर वळीनं मांडत्यात आन म्हनत्यात, 'भाऊ, वरन झालंय, जेवून घ्या. मत काय आसं तीन शिट्ट्यांत शिजत नसतं.'"

वस्तरा सरांच्या गळ्यावर होता. ते निश्चल होते, पण ते वस्तऱ्यामुळे नव्हतं. जीप नव्हती. बाहेरून कोणी येत नव्हतं. ज्यांचं बिंग फुटलं तेच उठून चालू लागत होते, आणि तसं करायला त्यांना कारण होतं. सरांनी सवयीप्रमाणे खोट शोधली. सापडली नाही.

"आन सर, गंमत म्हंजी काल रातच्याला आमच्या गल्लीत खरंच कुकरचा टेम्पो आला! तोंडावर न्हाई कसं म्हनायचं, घेतले लोकांनी. पन सकाळी बगतो तर काय, भाऊंच्या हापिसाच्या पायरीवर खोक्यांची वळ. कुनी ठिवले, कुनाला ठावं न्हाई. समदे कुकर परत. येका कुकरात तर धुतलेली डाळबी हुती. हर्षल साहेब फोटू काढीत हुते, लई खूस."

त्याने फेस पुसला. सरांनी चष्मा चढवला. आरशात त्यांचा चेहरा, कानिफनाथचा चेहरा आणि मागे रस्ता, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"कसं वाटलं नाटक?" कानिफनाथने विचारलं.

"शेवट उत्तम आहे," सर म्हणाले. एखाद्या शेवटाबद्दल ते असं बोलल्याचं कॉलनीत कोणी ऐकलेलं नाही.

"कुनी लिव्हलं आसंल?"

सरांनी थोडा विचार केला. श्रेयाच्या बाबतीत काटेकोर असावं, असं त्यांचं मत होतं. "शेवट तुमच्या मेव्हणीचा," ते म्हणाले. "सुरुवात माझी."

कानिफनाथ खो खो हसला. "व्हय व्हय सर, आन मधलं माझं! मान सरळ ठिवा, कानामागं राहिलंय."

सरांनी मान सरळ ठेवली. धुतलेल्या डाळीचा तपशील बहुधा खरोखरच त्याचा होता, आणि तो चांगला होता.